घडीखालच्या चार ओळी

विद्यानगर, हुबळी
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

सविता,

दोन वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी कामाचं विचारते, भांडण मग. शोकपत्राचा शेवट हल्ली तुमच्या बेंगळुरूच्या ऑफिसात कसा करतात? आपल्या नवनगरच्या ऑफिसातल्या शीतलनं 'विथ बेस्ट रिगार्ड्स' लिहिलं होतं, ते मी खोडलं. 'युअर्स फेथफुली'ही मला पटेना. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना ते बँकेच्या पत्रासारखं वाटेल. शेवटी 'विथ डीपेस्ट सिम्पथी' केलं. बरोबर आहे का ते कळव. तुला इंग्रजी मी शिकवलं हे खरं, पण मी टाइपरायटरच्या काळातली आणि तू रोज पन्नास ईमेल लिहितेस. या एका बाबतीत तुझं ऐकायला माझी हरकत नाही.

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे अप्पा ठणठणीत आहेत. परवाच अळणावरहून त्यांनी मला काकड्या पाठवल्या, निम्म्या कडू निघाल्या. तुझा पत्ता भारतीनं दिला. तिला रागावू नकोस, तुम्ही दोघी माझ्याच क्लासातल्या आणि आता एका खोलीत राहता, तेव्हा मी दुसऱ्या कोणाला विचारणार? तुझा फोन मला लागत नाही. लागत नाही म्हणजे काय ते मला कळतं. म्हातारी आहे, खुळी नाही.

ते पत्र आलं नेहमीच्या रीतीनं. ती रीत तुला ठाऊक आहे, पण आता लिहिते आहे तर लिहून टाकते. माझ्या भावानं, दत्तूअण्णानं अळणावरला प्लायवुडचा कारखाना काढला तेव्हा माझ्या तिथल्या इंग्रजीच्या क्लासला बाजारातली निम्मी मुलं येत. धंद्याची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून तो पत्राचा वरचा मजकूर दुमडून त्यावर टाचणी मारायचा आणि खालच्या चार ओळी उघड्या ठेवून माझ्याकडे द्यायचा. "अक्का, शेपूट तेवढं बघ," म्हणायचा. मी शेपूट बघायची. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर' असेल तिथं 'हिअरिंग' करायचं, 'थँकिंग यू' अधांतरी लोंबत असेल तर त्याला वाक्यात बसवायचं, 'डू द नीडफुल' दिसलं की काट मारायची. चाळीस वर्षं हे केलं. अण्णा गेला, त्याचा मुलगा प्रभंजन मालक झाला, पत्रांचे ईमेल झाले. तरी नवनगरच्या ऑफिसात शीतल अजून प्रिंट काढते, घडी घालते, आणि त्या घडीचा फोटो मला फोनवर पाठवते. ईमेलची घडी घालणारं दुसरं ऑफिस जगात नसेल.

तर गेल्या मंगळवारी असा फोटो आला. 'वी शेअर युअर ग्रीफ इन धिस डिफिकल्ट अवर. द मॅनेजमेंट स्टँड्स विथ युअर फॅमिली.' मी दुरुस्त केलं आणि शीतलला फोन लावून विचारलं, कोण गं गेलं? ती म्हणाली, कोणी नाही अक्का, साहेबांनी तयार ठेवायला सांगितलंय.

इतकंच. हुबळीत थंडी पडलीय. तिकडे बाहेरचं खाऊन पोट बिघडवू नकोस, आणि शेवटाबद्दल जरूर कळव.

तुझी बाई,
इंदुमती


विद्यानगर
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

सविता,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी असते तर दिलं नसतं, निदान पहिल्या पत्राला तरी.

रविवारी प्रभंजन जेवायला आला होता. माझा भाचा असला तरी वाढताना मी त्याला मालकासारखं वाढते, सवयच झालीय. मी सहज विचारलं, अरे, ते शोकपत्र कशाला? म्हणाला, कन्सल्टंटनं फाइल करायला सांगितलीय. आग लागली तर काय पत्र, पाणी शिरलं तर काय पत्र, मोठ्या कंपन्या सगळं आधी लिहून ठेवतात. मी म्हटलं, मग आगीचं आणि पाण्याचं शेपूट माझ्याकडे कसं नाही आलं? त्यावर त्यानं आमटी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी शीतलला विचारलं. फाइलमध्ये तेवढं एकच पत्र आहे.

तेव्हापासून माझं डोकं थाऱ्यावर नाही. उन्हाळ्यापासून आलेले शेवट मी एकेक आठवून काढले. स्वतः दुरुस्त केलेली ओळ मी विसरत नाही, तुझ्या नववीतल्या चुकासुद्धा मला आठवतात. त्यात तीन शेवट एकसारखे होते. 'काइंडली साइन बिलो', कृपया खाली सही करावी. खाली सहीला रेघ आणि कंसात 'बॉयलर अटेंडंट'. म्हणजे तुझे अप्पा. पत्र त्यांना होतं, इंग्रजीत. वर काय होतं ते घडीत.

मी अळणावरला फोन केला. तुला आठवतं ना, तुला न्यायला क्लासवर यायचे तेव्हा मी त्यांना मागच्या बाकावर बसवून इंग्रजी सही शिकवली होती? ते म्हणाले, "सही झकास येते आता अक्का, यंदा तीनदा केली." कशावर केली, तर ऑफिसच्या कागदावर. काय होतं कागदात, तर ते साहेबांना ठाऊक.

मग बॉयलरचं बोलायला लागले. मला त्यातलं काय कळतंय, पण ते सांगतात तसं लिहिते. वाफ जास्त झाली की सेफ्टी वॉल्व्ह आपोआप उघडतो आणि शिट्टी मारतो. पूर्वी दिवसातून दोनतीनदा मारायचा. वाफ फुकट जाते म्हणून मे महिन्यात साहेबांनी हुबळीहून फिटर आणला आणि वॉल्व्ह आवळून घेतला. "नको म्हटलं मी, पण आमचं कोण ऐकतंय? तेव्हापासून गप्प आहे. गप्प बसलेला बॉयलर मला आवडत नाही अक्का," म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत, होगली बिडरी, जाऊ द्या हो, बावीस वर्षं ओळखतोय मी त्याला, असं म्हणून फोन ठेवला.

तुझं-माझं जे झालं ते मी इथं काढणार नाही. तो विषय वेगळा.

भारतीला सांग, तिच्या आईनं धारवाडचे पेढे माझ्याकडे ठेवलेत. कोणी येणारं असेल तर पाठवते.

तुझी बाई,
इंदुमती


विद्यानगर
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

सविता,

मी घडी उघडली.

परवा नवनगरला गेले. शीतलला म्हटलं, जुने शेवट एकदा ताडून बघायचेत.  तिनं कपाटातून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली, टाचण्या एकेक काढून वाटीत टाकल्या आणि म्हणाली, अक्का, मी जेवून येते, मला वेळ लागेल. घड्याळात तेव्हा साडेअकराच झाले होते. त्या पोरीला मी आजवर बावळट समजत होते.

तिन्ही पत्रांत वर हे आहे. बॉयलर अटेंडंट आनंदा यांनी परवानगी न घेता सेफ्टी वॉल्व्ह स्वतःच्या हातानं आवळला. कंपनीनं त्यांना ताकीद दिली. तरीही त्यांनी तो सैल केला नाही. पुढे काही अपघात झाला तर त्याची सर्व जबाबदारी त्यांची एकट्याची राहील. पहिलं पत्र जूनचं, दुसरं ऑगस्टचं, तिसरं ऑक्टोबरचं. प्रत्येकाखाली तुझ्या अप्पांची सही आहे, मी शिकवलेली, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. शोकपत्राचं पाकीटही बघितलं. त्यावर नाव आहे, श्रीमती सीता आनंदा. तुझ्या आईचं नाव, सविता. आणि तुझे अप्पा त्या वेळी जिवंत, भट्टीत लाकडं टाकत होते.

आता मी जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. बसून वाच.

शीतलनं पहिल्या पत्राचा शेवट साधा केला होता, पत्र मिळाल्याची पोच म्हणून सही करावी, एवढाच. मला तो लंगडा वाटला. मी त्यात भर घातली, 'रिसीव्ह्ड, रेड अँड अंडरस्टुड'. मिळालं, वाचलं आणि समजलं. चांगलं घसघशीत वाटलं मला तेव्हा. प्रभंजननं फोन करून शाबासकी दिली आणि मी दिवसभर खुशीत होते. ज्या माणसाला इंग्रजीत सहीपलीकडे काही येत नाही, त्याच्याकडून मी वाचलं आणि समजलं असं लिहून घेतलं. हे कोणी माझ्याकडून करवलं नाही, मी आपण होऊन केलं.

दुसरं. दोन वर्षांपूर्वी तू याच ऑफिसात होतीस आणि माझ्याकडे येऊन म्हणालीस, "बाई, एकदा घडी उघडून बघा." बॉयलरच्या नळ्या झिजल्यात, त्या बदला, असं तपासणाऱ्या माणसानं लिहिलं होतं आणि कंपनी त्याला गोड शेवटाची पत्रं पाठवून टोलवत होती. तू ते वरचं वाचलं होतंस. मी तुला म्हटलं, माझं काम खालचं, वरचं वाचणं हा चोंबडेपणा आहे. त्याच संध्याकाळी मी प्रभंजनला फोन केला आणि सांगितलं, सविता घडीतलं वाचते. तुला काढलं ते माझ्यामुळे. तू ओळखलं असशील, पण मी तुला कधी सांगितलं नव्हतं. उलट, चांगली नोकरी घालवलीस म्हणून मीच तुला बोलले होते. मला लाज वाटते, सविता. या वयात लाज वाटायला लागली की ती कुठे ठेवावी तेही कळत नाही.

काल प्रभंजनला गाठलं. त्यानं आवाजही चढवला नाही. म्हणाला, "आत्या, तुझं काम शेवटाचं. वरचं मी बघतो." मी तुला जे सांगितलं होतं तेच शब्द.

शनिवारी अळणावरला जाणार आहे. मग लिहीन. तब्येतीला जप, आणि उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

तुझी बाई,
इंदुमती


विद्यानगर
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

सविता,

शनिवारी तुमच्या घरी जाऊन आले. सीतानं तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी केली, मला बळंबळं दोन भाकऱ्या खायला लावल्या. पाकिटावरचं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही. ती मागच्या परड्यात गेल्यावर मी तुझ्या अप्पांना तिन्ही पत्रं वरपासून खालपर्यंत मराठीत वाचून दाखवली. शीतलनं मला त्यांच्या नकला काढून दिल्यात.

त्यांनी तिन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, वॉल्व्ह मी आवळला नाही, हे साहेबांना ठाऊक आहे आणि देवालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, कागदाला ठाऊक नाही आनंदा. मी विचारलं, न वाचता सही का केलीत? त्यांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"खाली तुमचं 'काइंडली' बघितलं की अक्का. तेवढा एक शब्द मला ओळखता येतो. तुमचा हात फिरलाय म्हटल्यावर वर काय वाईट असणार?"

मी उठून परड्यात जाऊन उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

मग मी त्यांना म्हटलं, काम सोडा, उद्यापासून जाऊ नका. ते नाही म्हणतात. मी सुटलो तर साहेब भट्टीपुढे नवा माणूस उभा करतील, त्याला वाफेचा काटासुद्धा बघता येत नाही, आत चौदा बायामाणसं प्लाय दाबायच्या प्रेसवर असतात, असं त्यांचं म्हणणं. मी पुष्कळ बोलले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी म्हणाले, "सवितानं तेव्हा सांगितलं होतं, अप्पा ही भट्टी सोडा. मी ऐकलं नाही, पोरगी बोलायची बंद झाली. आता ती म्हणाली तर भट्टीतली आग बाहेर ओढतो आणि सगळ्यांना बाहेर काढतो. दुसऱ्या कोणाचं नको." तू रविवारी आईला फोन करतेस तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात, हे तुला माहीत आहे का? सीता फोन त्यांच्याकडे तोंड करून धरते.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता कारखान्यात बॉयलरला दुसरी प्रेस जोडणार आहेत. मोठी ऑर्डर आहे. त्याला वाफ जास्त लागेल, आणि वॉल्व्ह तर उघडणार नाही. अप्पा म्हणतात, काटा आत्ताच लाल रेघेला टेकून असतो.

बॉयलर तपासणाऱ्या सरकारी कचेरीत मी फोन केला. लेखी पाठवा म्हणाले. मग मी ईमेल लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा वरचा मजकूर लिहिला. चार तास लागले. शेवट मात्र पाच मिनिटांत झाला आणि त्याखाली माझं नाव घातलं. सोमवारी माणूस येईल असं उत्तर आलंय. सोमवार शुक्रवारनंतर येतो.

इकडे बाकी सर्व ठीक. पेढे खराब व्हायला लागले म्हणून शेजारी वाटले. भारतीला तसं सांग.

तुझी बाई,
इंदुमती


अळणावर, बॉयलर शेड
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४, सकाळचे सव्वाअकरा

सविता,

काल भारतीशी बोलले. आधी काही सांगेना, मग बोलली. तू माझी चारही पत्रं घेतलीस. पाकीट फोडतेस, शेवटचं पान काढतेस, खालच्या चार ओळी वाचतेस आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकतेस. बाकीचं घडीतच राहतं. भारती म्हणाली, बाई, ती म्हणते, जे शिकवलं तेच करतेय.

मला राग आला नाही. मी नंतर बसून आठवलं, त्या चार शेवटांत मी तुला काय लिहिलं होतं. थंडी पडलीय. पेढे ठेवलेत. तब्येतीला जप. पेढे वाटले. चाळीस वर्षं शेवट गोड करायची सवय लागली, ती तुझ्या अप्पांचा जीव टांगणीला लागला तरी सुटली नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. याचा फोटो काढून भारतीला पाठवतेय. ती आज सुट्टी टाकून तुझ्या ऑफिसच्या दारात उभी आहे, फोन तुझ्या हातात देईल. अप्पांना फोन ती स्वतः लावू शकते, पण त्याचा उपयोग नाही. तिचं ते ऐकणार नाहीत, माझं ऐकलं नाही तसंच.

मी सकाळच्या गाडीनं आले. गेटवरच्यानं अडवलं नाही, मालकांची आत्या म्हणून खुर्ची देऊ लागला. मी भट्टीपाशी स्टूल मागितलं. अप्पा म्हणाले, अक्का, हे काय मांडलंय, धूर लागेल तुम्हाला. मी म्हटलं, लागू दे. तासाभरानं प्रभंजनचा फोन आला, आत्या, तमाशा करू नकोस, बाहेर ये. मी म्हटलं, आधी आग ओढ. तो म्हणाला, निघतोय, आल्यावर बोलू. शोकपत्राचं पाकीट मी शीतलकडून मागून घेतलंय. सीताचं नाव खोडून त्यावर त्याचं नाव घातलं आणि गेटवर ठेवून आले. मी इथं बसल्यावर, काही झालं तर ते पत्र त्याच्याच घरी जायचं आहे, हे त्याला कळू दे. तो ऐकेल की नाही, मला सांगता येत नाही. अण्णाचा मुलगा आहे, पण मला त्याचा भरवसा उरलेला नाही.

भट्टी धडधडतेय, पण बॉयलर खरंच गप्प आहे. फक्त खालून, स्टुलाच्या पायांतून, काहीतरी थरथरत असतं. काटा लाल रेघेवर आहे. मी चष्मा लावून दोनदा बघितला.

वरचं सगळं सोड. तू इथून वाचायला लागशील, म्हणून इथून लिहिते.

तुझं बरोबर होतं आणि मी चुकले. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. वॉल्व्ह आवळलेला आहे, तो उघडणार नाही. दोन वाजता दुसरी प्रेस जोडणार आहेत. तुझे अप्पा भट्टीपुढे उभे आहेत आणि ते निघेपर्यंत मी त्यांच्या शेजारून उठणार नाही. त्यांना आत्ता फोन कर आणि आग ओढायला सांग. ते फक्त तुझं ऐकतील. मी हे लिहितेय हे त्यांना कळलंय. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिलाय. भट्टीच्या आवाजात तो वाजलेला त्यांना ऐकू येत नाही.